६३ वजा २८ : तिसरीतली मुलं नेमकी कुठे अडकतात?

तिसरीतल्या मुलाला ६३ मधून २८ वजा करायला सांगा. उत्तर ३५ यायला हवं. पण बऱ्याच वह्यांमध्ये ४५ लिहिलेलं सापडेल.

हे ४५ आलं कुठून? एककाच्या घरात वर ३ आहेत आणि खाली ८. तीनातून आठ जात नाहीत. मग मूल सरळ उलटं करतं. आठातून तीन गेले, पाच उरले. पुढे सहातून दोन गेले, चार. झाले ४५.

घरी याला 'धांदरटपणा' म्हणतात आणि आणखी वीस गणितं सोडवायला बसवतात. पण यात धांदरटपणा नाहीच. पहिलीत शिकवलेला 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हा नियम मूल प्रामाणिकपणे पाळतंय. फक्त तो नियम प्रत्येक घरात वेगवेगळा लावतंय, कारण त्याच्या दृष्टीने ६३ ही एक संख्याच नाही. शेजारी शेजारी उभे असलेले ६ आणि ३ आहेत, बस. अशा मुलाला वीस गणितं दिली, तर तीच चूक वीस वेळा होते आणि पक्की होते.

आता हे एखाद्या घरातलं प्रकरण असतं तर सोडून दिलं असतं. पण आकडे वेगळं सांगतात.

सर्वेक्षणं काय म्हणतात?

'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून ग्रामीण भारतातल्या मुलांचं वाचन आणि गणित तपासतोय. यात कार्यकर्ते शाळेत नाही, तर घरी जातात, मुलाला एकट्याला बसवतात आणि कागदावर गणित सोडवून घेतात. वजाबाकी असते दोन अंकी आणि हातच्याची, म्हणजे आपल्या ६३ वजा २८ सारखीच. भागाकार असतो तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने.

जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या 'असर २०२४'नुसार, देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ३३.७ टक्के मुलांना निदान अशी वजाबाकी येते. २०२२ मध्ये, कोरोनानंतर, हा आकडा २५.९ होता आणि त्याआधी २०१८ मध्ये २८.२. म्हणजे सुधारणा आहे, आणि ती कोरोनाच्या आधीच्या पातळीपेक्षाही वर गेली आहे. हे चांगलंच झालं. तरीही तिघांपैकी दोघं अडकलेलीच आहेत.

पाचवीत भागाकार येणारी मुलं ३०.७ टक्के. आठवीत हाच भागाकार येणारी ४५.८ टक्के. म्हणजे आठवी संपवून नववीच्या बीजगणिताकडे निघालेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना चौथी-पाचवीच्या पातळीचा भागाकार जमत नाही.

दुसरं सर्वेक्षण सरकारचं. 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' ४ डिसेंबर २०२४ रोजी झालं. ७४ हजारांहून जास्त शाळा, २१ लाखांहून जास्त विद्यार्थी, शहरं आणि गावं दोन्ही, सरकारी आणि खासगी दोन्ही. त्यात तिसरीतल्या ५८ टक्के मुलांना दोन अंकी बेरीज-वजाबाकी जमली. आणि ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावणं जमलं ५५ टक्के मुलांना.

आता तुम्ही म्हणाल, एक म्हणतो ३३, दुसरा म्हणतो ५८, खरं कोण?

दोघंही, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. 'असर' फक्त ग्रामीण आहे आणि मुलाला उत्तर स्वतः लिहावं लागतं. 'परख'मध्ये शहरंही आहेत आणि पर्याय दिलेले असतात. चार पर्याय समोर असले की अंदाजाने टिक करणाऱ्यांपैकी काहींचं बरोबर येतंच. शिवाय 'परख'च्या आकड्यात बेरीजही धरलेली आहे आणि बेरीज सोपी जाते.

पण यातला खरा काळजीचा आकडा ५५ चा आहे, आणि त्यावर फारशी चर्चा झाली नाही. ४७ मोठे की ७४ हे ज्याला खात्रीने सांगता येत नाही, त्याला हातचा कसा कळणार? वजाबाकीचा रोग वजाबाकीत नाहीच, तो त्याच्या एक पायरी खाली आहे.

एक दशक म्हणजे दहा सुटे, एवढंच

हातच्याच्या मागचं सगळं गणित एका वाक्यात बसतं. ६३ म्हणजे सहा दशकं आणि तीन एकक, आणि गरज पडली की त्यातलं एक दशक सोडून दहा सुटे करता येतात.

मग ६३ हेच पाच दशकं आणि तेरा एकक असं दिसायला लागतं. तेरातून आठ गेले, पाच. पाचातून दोन गेले, तीन. संख्या ६३ च राहिली, फक्त मांडणी बदलली. दहाची नोट मोडून सुटे घेतले म्हणून कुणी गरीब होत नाही, तसंच.

बालभारतीच्या पुस्तकांत हे चित्रांतून दाखवलेलं असतं. दशकाचे गठ्ठे, सुट्या वस्तू, गठ्ठा सोडणं. अडचण पुस्तकात कमी आणि वेगात जास्त आहे. वर्गात काड्यांचे गठ्ठे एक-दोन तास दिसतात, मग उभी मांडणी येते, मग 'शेजारच्याकडून एक घ्या' हा मंत्र येतो. 'एक घ्या' म्हणजे प्रत्यक्षात दहा घेतले, हे त्या मंत्रात कुठेच नाही. मूल मंत्र पाठ करतं. वरच्या ओळीत शून्य येईपर्यंत तो चालतोही.

शून्य आलं की फजिती होते. ४०३ वजा १६८ घ्या. एककाला दहा हवेत, पण शेजारी दशकाकडेच काही नाही. मग आधी शतक मोडायचं, दहा दशकं करायची, त्यातलं एक मोडून दहा सुटे करायचे. आता उरलं तीन शतकं, नऊ दशकं, तेरा एकक. उत्तर २३५. पण मंत्रावर चालणारं मूल 'शून्याकडून काय घेणार' म्हणून थांबतं, किंवा पुन्हा उलटं वजा करून ३६५ लिहितं. एकच गणित द्यायचं असेल तर हे द्या. मुलाला हातचा समजलाय की पाठ झालाय, ते लगेच कळतं.

घरी एक, शाळेत दुसरं

मराठी घरांत या गोंधळात आणखी एक भर पडते. आजी-आजोबांच्या पिढीतले अनेकजण वजाबाकी वेगळ्या पद्धतीने करतात. 'तेरातून आठ गेले पाच, हातचा एक. दोन आणि एक तीन. सहातून तीन गेले तीन.' म्हणजे वरचं दशक मोडायचं नाही. वर दहा एकक द्यायचे आणि त्या बदल्यात खाली एक दशक वाढवायचं. दोन्ही संख्यांत दहाच मिळवले, त्यामुळे फरक तोच राहतो. पद्धत पूर्ण बरोबर आहे आणि लिहायला सुटसुटीतही आहे.

पण शाळेत वरच्या सहाचे पाच करायला शिकवलंय आणि संध्याकाळी आजोबा खालच्या दोनाचे तीन करायला सांगतायत. काही मुलं दोन्ही करतात. पाचातून तीन गेले दोन, उत्तर २५. अशी २५ उत्तरं दिसली की चूक मुलाची नसते, दोन शिक्षकांची असते. घरच्यांनी आपलीच पद्धत बरोबर म्हणून हट्ट धरण्याऐवजी 'तुला बाईंनी कसं शिकवलंय, मला शिकव' एवढं म्हटलं तरी निम्मं काम होतं.

आणि मग ते 'वीस एक'

इथे २०१९ चा वाद आठवायलाच हवा. त्या जूनमध्ये दुसरीचं नवं गणिताचं पुस्तक आलं आणि महाराष्ट्र पेटला. कारण पुस्तकात २१ साठी 'एकवीस'सोबत 'वीस एक', ६३ साठी 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत दिली होती. विधानसभेत फडणवीस या आडनावावरून कोट्या झाल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पूर आला, आणि 'मराठी बुडाली' असं बोलून झालं.

बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत आणि जोडाक्षरांनी गोंधळणाऱ्या मुलांसाठी हा सोपा रस्ता आहे, हे त्या सांगत राहिल्या. पण तोवर विनोद बरेच पुढे गेले होते.

त्यांचा मुद्दा काय होता, ते ६३ वरच बघा. आपण म्हणतो 'त्रेसष्ट'. म्हणजे आधी तीन ऐकू येतात, मग साठ. लिहायचे मात्र आधी सहा, मग तीन. 'अठ्ठावीस' ऐकून नुकतं शिकणारं मूल आधी ८ लिहितं, हे साहजिक आहे. त्यात 'एकोणतीस'. नाव तिसाचं, संख्या विसाच्या घरातली, अर्थ 'तिसाला एक कमी'. एकोणीस ते एकोणनव्वद असे आठ वेळा चालतं आणि ९९ ला येऊन मोडतं, तिथे 'नव्याण्णव'. शंभरपर्यंतची नावं मराठी मुलाला जवळपास एकेक करून पाठ करावी लागतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला 'सिक्स्टी थ्री'मध्ये साठ आणि तीन आपोआप ऐकू येतात.

हा काही मराठीचा कमीपणा नाही. जर्मन भाषेतही 'तीन आणि साठ' असंच म्हणतात आणि ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात, ऐकलेली संख्या लिहिताना झालेल्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी संबंधित होत्या. नॉर्वेने तर १९५१ मध्ये सरकारी निर्णय घेऊन संख्यांची नावं 'तीन आणि साठ'वरून 'साठ तीन' अशी बदलली. त्यामागे टेलिफोन नंबर सांगताना होणारा घोळ हे मोठं कारण होतं. गंमत म्हणजे तिथे आजही कित्येकजण बोलताना जुनीच नावं वापरतात. भाषा मरत नाही, शाळेतली मुलं सुटतात.

'त्रेसष्ट' हा शब्द टिकायलाच हवा. पण वजाबाकी शिकणाऱ्या मुलाने मनात 'साठ आणि तीन' म्हटलं तर त्याचं अर्धं काम सोपं होतं. 'साठ तीन मधून वीस आठ' हे वाक्य कानाला विचित्र लागतं, मात्र दशक कुठलं आणि एकक कुठलं हे त्यात उघड दिसतं.

२०२५ मध्येही काही वेगळं झालं नाही. पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर एप्रिल ते जून राज्य ढवळून निघालं आणि २९ जूनला सरकारने ते शासन निर्णय मागे घेतले. त्यानंतर काही दिवसांतच 'परख'चे निकाल आले. पहिली-दुसरीतल्या मुलांच्या भाषेवर रस्त्यावर उतरणाऱ्या राज्यात, त्याच मुलांच्या संख्याज्ञानावर एक दिवसाचीही चर्चा झाली नाही.

बाजारात येतं, वहीत येत नाही

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास आला. नोबेल विजेते अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो त्याच्या लेखकांमध्ये आहेत. (बॅनर्जींच्या आई निर्मला या माहेरच्या पाटणकर, हे मराठी वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी १,४३६ मुलं त्यांनी पाहिली. २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे, एकूण ३७ रुपये, दोनशेच्या नोटेतून परत किती, असले हिशोब ही मुलं मनातल्या मनात करत होती. जवळपास सगळीच. पण तेवढीच किंवा त्याहून सोपी गणितं शाळेसारखी आकड्यांत मांडून दिली की ती अडकत होती.

आणि जवळच्या शाळांतल्या, बाजारात काम न करणाऱ्या ४७१ मुलांचं अगदी उलट. वहीतली साधी गणितं त्यांना जास्त बरोबर आली. पण बाजाराचं जे गणित काम करणाऱ्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी सोडवलं, ते शाळेतल्या फक्त एक टक्का मुलांना जमलं.

याचा अर्थ 'शाळा सोडा, भाजी विका' असा काढणारे निघतीलच. अभ्यास ते म्हणत नाही. दोन्हीकडच्या मुलांकडे अर्धंच गणित आहे, एवढंच त्यातून दिसतं. बाजारातल्या मुलाला ६३ रुपये म्हणजे काय ते कळतं, पण कागदावरचं ६३ परकं वाटतं. शाळेतल्या मुलाला कागदावरचं ६३ लिहिता येतं, पण ते मोडून सुटं करता येत नाही.

मराठी शाळेत हे दोन्ही एकेकाळी जवळ होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे म्हणजे बाजाराचाच हिशोब होता. सोळा आण्यांचा रुपया असताना पाव, अर्धा, पाऊण रोज लागायचे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि हे पाढे हळूहळू मागे पडले. ते परत आणावेत असं नाही, औटकी आज कुणाला लागणार? पण हिशोब आणि वही यांच्यातला पूल त्यांच्यासोबत गेला आणि त्याजागी दुसरा बांधला गेला नाही.

मग सराव कसा घ्यायचा?

सराव लागतोच. समजलं म्हणजे आलं, असं गणितात होत नाही. तेरातून आठ गेले पाच हे बोटं न मोजता आलं नाही, तर मोठ्या वजाबाकीत मूल मधल्या पायरीवरच दमतं. पाढ्यांचंही तेच. प्रश्न सराव कशाचा, हा आहे.

सगळ्यात स्वस्त साधन घरात आहे. दहाच्या सहा नोटा आणि एक रुपयाची तीन नाणी मुलाच्या हातात द्या आणि २८ रुपये मागा. दोन नोटा लगेच येतील. आठ नाणी देता येणार नाहीत, मग मूलच म्हणेल की ही दहाची नोट मोडून द्या. मोडून द्या, आणि त्याच वेळी वहीत सहाचा पाच आणि तीनाचे तेरा करायला लावा. हात आणि वही एकाच वेळी चालली पाहिजे. आज नोटा आणि पुढच्या आठवड्यात वही असं केलं की पूल पुन्हा तुटतो.

दुसरं, गणितं मिसळून द्या. पानाच्या डोक्यावर 'हातच्याची वजाबाकी' लिहिलं असेल तर हातचा घ्यायचा की नाही हे मुलाला ठरवावंच लागत नाही. ६३ वजा २८ च्या शेजारी ६८ वजा २३ ठेवा. हातचा नुकताच शिकलेलं मूल तिथेही उगाच दशक मोडतं, आणि मोडलं की थांबवून 'गरज होती का?' विचारता येतं. रोज अशी पाच-सहा गणितं पुरतात. एका रविवारी पन्नास सोडवून घेण्यापेक्षा हे कधीही चांगलं. अबॅकसच्या आणि 'सुपरफास्ट गणित'च्या जाहिराती वेग विकतात, पण चुकीच्या पद्धतीचा वेग वाढवून कुणाचं भलं होणार?

तिसरं, उत्तराआधी अंदाज. ६३ मधून जवळजवळ तीस गेले, तर तिसाच्या आसपास उरतील ना? मग ४५ कसे? किंवा उत्तरात २८ परत मिळवून पाहा. ४५ आणि २८ म्हणजे ७३, मुलाला स्वतःलाच खटकतं. लाल पेनाच्या फुलीपेक्षा हे खटकणं जास्त कामाचं.

वर्गात अडचण मोठी आहे, कारण एकाच तिसरीत कुणाला भागाकार येतो आणि कुणाला ९९ पर्यंत संख्याही ओळखता येत नाहीत. यावर 'प्रथम'ने रुजवलेला उपाय म्हणजे दिवसातला काही वेळ मुलांना इयत्तेनुसार न बसवता पातळीनुसार गटात बसवणं. या विचाराचं एक मूळ मुंबईत आहे. महापालिका शाळांतल्या मागे पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणी 'बालसखी' म्हणून शिकवत आणि २००१ ते २००३ या काळात मुंबई-वडोदऱ्यात त्याचे परिणाम मोजले गेले. मुलं पुढे सरकलेली दिसली. मोजमाप करणाऱ्यांत पुन्हा बॅनर्जी आणि डुफ्लो होतेच.

पाचवीला काय होणार?

हे सगळं तिसरीतच का सोडवायचं, त्याचं कारण भागाकारात आहे. ८७९ भागिले ७ हे गणित पाहा. आठातून सात, सतरातून चौदा, एकोणचाळीसातून पस्तीस. एका भागाकारात तीन वजाबाक्या आणि तीनदा साताचा पाढा. उत्तर १२५, बाकी ४. यातल्या एका वजाबाकीत घसरलं की पुढचं सगळं गेलं. पाचवीतल्या ३०.७ टक्क्यांचा उगम इथे आहे.

आणि पाचवीत आता परीक्षा आहे. राज्याने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण होणं आवश्यक केलं. नापास झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची एक संधी मिळते, त्यातही जमलं नाही तर त्याच वर्गात पुन्हा बसावं लागतं. केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२४ मध्ये याच दिशेने नियम बदलले. दुसरीकडे २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट आहे की २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावं.

म्हणजे २०२४ मध्ये तिसरीत असताना ज्याने ६३ वजा २८ बरोबर ४५ लिहिलं, ते मूल याच मुदतीच्या आसपास पाचवीच्या परीक्षेला बसतंय. पुनर्परीक्षेआधी त्याला जी थोडी जास्तीची शिकवणी मिळेल, ती पाचवीच्या अभ्यासक्रमाची असेल की दहाची नोट मोडण्यापासून सुरू होईल, हे अजून बहुतेक ठिकाणी त्या त्या शाळेतल्या बाई आणि सरांवरच सोडलेलं आहे.